पुरस्कृत बालकादंबरी आणि ‘जड’ हा शेरा

बालवाङ्मयाचा पुरस्कार जाहीर झाला की त्याचे स्वागत बहुधा दोन वाक्यांत आटोपते. पहिल्या वाक्यात लेखकाचे अभिनंदन असते. दुसऱ्यात, विशेषतः ते शिक्षकाच्या तोंडचे असेल तर, एक शंका असते : पुस्तक उत्तम आहे, पण मुलांना ते जड जाईल. अभिनंदनाविषयी वाद असण्याचे कारण नाही. शंकेचा मात्र विचार केला पाहिजे. कारण पुरस्कार मिळालेले पुस्तक शाळेच्या कपाटातून मुलाच्या हाती जाणार की कपाटातच राहणार, हे पुष्कळदा त्या एका ‘जड’ शब्दाने ठरते. या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो कोणत्या पुस्तकाला लावणे न्याय्य आहे, आणि पुरस्कार देणाऱ्यांनी त्याची कितपत भीती बाळगावी, हे तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

साहित्य अकादेमीने बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार २०१० पासून देण्यास आरंभ केला. मराठीतील पहिला मान अनिल अवचट यांच्या ‘सृष्टीत... गोष्टीत’ या पुस्तकाला मिळाला. दुसऱ्या वर्षी तो दिलीप प्रभावळकर यांच्या ‘बोक्या सातबंडे’ला मिळाला. त्यानंतर २०१२ ते २०१८ या सात वर्षांत, एक २०१७ चा अपवाद सोडल्यास, मराठीचा पुरस्कार एखाद्या पुस्तकाला नव्हे, तर लेखकाच्या एकूण कार्याला दिला गेला. बाबा भांड, अनंत भावे, माधुरी पुरंदरे, लीलाधर हेगडे, राजीव तांबे आणि रत्नाकर मतकरी ही त्या मानकऱ्यांची नावे. यांपैकी कोणाच्याही योग्यतेविषयी दुमत होऊ नये. परंतु योग्यता ही एक गोष्ट आणि समीक्षा ही दुसरी. एकूण कार्याचा गौरव करताना ऋण मान्य केले जाते. अमुक एक पुस्तक मुलांनी का वाचावे, हा निवाडा मात्र त्यात करावा लागत नाही. शिक्षकापुढे एक आदरणीय नाव येते, पुस्तक येत नाही.

२०१९ पासून ही रीत पालटली. त्या वर्षीची सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’ ही कादंबरी, पुढील वर्षीच्या आबा गोविंदा महाजन यांच्या ‘आबाची गोष्ट’मधील कथा, २०२१ मधील संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंगमेकर’, २०२२ मधील संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’, २०२३ मधील एकनाथ आव्हाड यांच्या कविता, २०२४ मधील भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ आणि २०२५ मधील सुरेश सावंत यांच्या कविता, असा हा क्रम आहे. २०१७ मध्ये गौरविलेली ल. म. कडू यांची ‘खारीच्या वाटा’ जमेस धरली, तर या पुरस्कारात कादंबरीला पाच वेळा स्थान मिळाल्याचे दिसते. हा बदल आम्हांला स्वागतार्ह वाटतो. एक पुस्तक निवडले म्हणजे परीक्षकाला आपले मत उघड्यावर मांडावे लागते आणि वाचकाला त्याच्याशी भांडता येते. ‘जड’ हा शेरा हाही अशा भांडणाचाच एक प्रकार आहे. फक्त तो फार थोडक्यात केलेला असतो.

२

मुलांच्या पुस्तकाला आपण जड म्हणतो तेव्हा आपल्या मनात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात आणि आपण त्या वेगळ्या करीत नाही.

पहिले जडपण भाषेचे. शब्द अपरिचित, वाक्य लांब, बोली परकी. दुसरे रचनेचे. कथा सरळ न जाता मागेपुढे जाते, सांगणारा बदलतो, काही गोष्टी न सांगताच सोडलेल्या असतात. तिसरे अनुभवाचे. पुस्तकात मृत्यू आहे, दारिद्र्य आहे, घर सुटणे आहे, मोठ्यांचा अन्याय आहे. आमचे निरीक्षण असे की, शिक्षक आणि पालक ज्याला भितात ते बहुधा तिसरे जडपण असते. मूल जेथे खरोखर अडते ते पहिले आणि दुसरे असते. अनुभवाच्या जडपणाचा परिहार पुस्तक दूर ठेवून करता येत नाही, कारण तो अनुभव पुस्तकाची वाट न पाहताच मुलाच्या घरी आलेला असतो. उलट भाषेचे आणि रचनेचे जडपण शिक्षक दूर करू शकतो. किंबहुना तेच त्याचे काम आहे. म्हणजे जे आपल्याला टाळता येत नाही त्याच्या भीतीने आपण पुस्तक टाळतो, आणि जे आपल्याला करता येण्यासारखे आहे ते करीत नाही.

मराठीत हे भय तर अधिकच विसंगत आहे. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालकादंबरीसाठी असलेला पुरस्कार साने गुरुजींच्या नावाने दिला जातो. ज्या पुस्तकामुळे हे नाव घराघरांत पोहोचले ते ‘श्यामची आई’ गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातील सामग्री नुसती मोजून पाहावी : कर्जाने खालावत जाणारे घर, वसुलीला आलेल्या माणसाचे आईच्या वर्मी लागणारे बोलणे, भावंडाचा मृत्यू, आणि अखेर श्याम दूर असताना आईचे जाणे. आजच्या एखाद्या नव्या लेखकाने इतके दुःख एका पुस्तकात आणले, तर तेच शिक्षक त्यावर जडपणाचा शेरा मारतील. तरीही मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांनी ‘श्यामची आई’ वाचली, ऐकली, आणि १९५३ साली आचार्य अत्रे यांनी तिच्यावरून काढलेला चित्रपट पाहिला.

हे कसे घडले? पुस्तक संस्कारक्षम आहे म्हणून, हे उत्तर नेहमी दिले जाते. ते अपुरे आहे. आमच्या मते त्याचे कारण त्याच्या रचनेत आहे. श्याम आपली कथा एकट्याने बसून आठवीत नाही. आश्रमातील मित्रांना तो रोज रात्री थोडीथोडी सांगतो. प्रत्येक दुःखाभोवती ऐकणारांचे एक मंडळ आहे. गोष्ट थांबते, माणसे उठतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा जमतात. मूल वाचते तेव्हा तेही त्या मंडळात जाऊन बसते. एवढे मोठे दुःख त्याच्यावर एकदम कोसळत नाही. ते रात्रीरात्रीने वाटून दिलेले असते. अनुभव जड असूनही पुस्तक पेलते, याचे रहस्य हे वाटप आहे.

३

हा विचार आम्ही डोकमर्डीहून, म्हणजे सिल्वाशाच्या एका भागातून, मांडीत आहो; आणि स्थानाचा उल्लेख येथे निव्वळ औपचारिक नाही. दादरा-नगर हवेलीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३,४३,७०९ होती आणि तिच्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी समाजांचे होते. येथे गुजराती, हिंदी, मराठी आणि इंग्रजी या चारही माध्यमांच्या शाळा आहेत. मराठी शाळेत बसलेल्या मुलाची घरची भाषा पुष्कळदा वारली किंवा कोकणा असते. त्याच्या दृष्टीने पुण्याच्या वाड्यात घडणारी विनोदी गोष्टदेखील भाषेने जडच असते. तिला मात्र कोणी जड म्हणत नाही, कारण तिचा विषय हलका असतो. आणि धरणासाठी उठणाऱ्या गावाची गोष्ट त्याला परकी नसते. पण तीच त्याच्यासाठी जड ठरविली जाते.

‘खारीच्या वाटा’ ही नेमकी अशी गोष्ट आहे. धरण येणार, गाव उठणार, हे एका मुलाच्या नजरेने तीत पाहिलेले आहे. या शीर्षकाकडेच थोडे थांबून पाहावे. ‘खारीचा वाटा’ हा वाक्प्रचार प्रत्येक मराठी मुलाला सेतुबंधनाच्या कथेमुळे ठाऊक असतो. त्यातील वाटा म्हणजे हिस्सा. मोठ्यांच्या मोठ्या कार्यात लहानाने उचललेला. लेखकाने ‘खारीचा’चे ‘खारीच्या’ केले आणि वाटा पुल्लिंगी न राहता स्त्रीलिंगी झाल्या. हिस्सा गेला, रस्ते आले. खार जेथून धावते त्या पायाखालच्या, झाडावरच्या, फक्त लहानांना माहीत असलेल्या वाटा. बांध घालण्याच्या कार्यात खारीने वाटा उचलल्याची जुनी कथा, आणि बांध घातल्यामुळे खारीच्या वाटा बुडण्याची ही नवी कथा! एका अक्षराच्या फरकात एवढा आशय मावतो, हे बालकादंबरीच्या शीर्षकातून मुलाला दाखविता आले, तर व्याकरणाचा एक तास सार्थकी लागेल.

सिल्वासा ज्या दमणगंगेच्या काठी आहे, तिच्यावर वरच्या अंगाला मधुबनचे धरण आहे. त्याच्या जलाशयाने येथील आदिवासींची गावे आणि शेते पोटात घेतली. आज दुधनीला त्या पाण्यावर प्रवासी नौकाविहारासाठी येतात. ज्यांच्या आजा-आजींनी त्या पाण्याखालची जमीन कसली, अशी मुले याच प्रदेशातील शाळांत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती ‘खारीच्या वाटा’ पडली, तर ती त्याला जड होईल की आपल्या आजाने अर्धवट सांगितलेली गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटेल? ती पुस्तकी मराठीत कोणी लिहून ठेवली आहे, तिला देशाच्या अकादेमीने मान दिला आहे, हे कळणे हेच त्या मुलाच्या दृष्टीने केवढे तरी मोठे शिक्षण आहे. आपले आयुष्य पुस्तकात येण्याच्या योग्यतेचे आहे, हा विश्वास सोप्या पुस्तकांच्या ढिगाने मिळत नाही.

बोलीविषयीही असेच म्हणता येईल. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४) पासून सुरू झालेल्या लंपनच्या कथा मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या नव्हत्या. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या मुलाची ती बेळगावकडची, कानडीची छटा असलेली मराठी प्रमाणभाषेच्या कोणत्याही पाठात बसत नाही. तरीही मुलांनी त्या कथा आपल्या केल्या. लंपनचे शब्द अपरिचित असतील. पण लंपन खोटे बोलत नाही, हे वाचकाला पहिल्या पानावर कळते. अपरिचित शब्द मूल सहज ओलांडते. खोटा सूर मात्र त्याला ओलांडता येत नाही.

४

येथवर आम्ही एक बाजू मांडली. दुसरी बाजू तितकीच गंभीर आहे आणि तिला भित्रेपणा म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही.

इंग्लंडमधील कार्नेगी पदक हे बालवाङ्मयातील अत्यंत जुने आणि प्रतिष्ठेचे पारितोषिक. १९३६ पासून ते ग्रंथपाल देत आले आहेत. २०१४ मध्ये ते केव्हिन ब्रुक्स यांच्या ‘द बंकर डायरी’ या कादंबरीला मिळाले. पळवून नेऊन तळघरात डांबलेल्या मुलाची ती दैनंदिनी. आणि तिच्यात सुटका नाही. त्यावर वृत्तपत्रांतून बराच वाद झाला. आक्षेप घेणारांचे म्हणणे असे की, मुलाला अंधारात नेऊन तेथेच सोडून देणारे पुस्तक कितीही कुशलतेने लिहिलेले असले, तरी ते त्याला देऊ नये. उलट बाजूचे म्हणणे असे की, वाढत्या वयाच्या वाचकाला खोट्या दिलाशाची गरज नसते.

आम्हांला वाटते, दोन्ही पक्ष अंशतः खरे आहेत आणि त्यांचा वाद ‘मूल’ या एकाच शब्दाखाली दोन वाचक कोंबल्यामुळे झाला आहे. दहा वर्षांचा वाचक आणि सोळा वर्षांचा वाचक यांत जेवढे अंतर आहे, तेवढे कदाचित सोळा आणि चाळीस यांत नसेल. सोळा वर्षांच्या वाचकाला निराशेशी झुंजता येते, तिच्या कर्त्याला जाब विचारता येतो. दहा वर्षांच्या वाचकाला ती केवळ सोसावी लागते. आपल्या भाषेत यासाठी शिशू, बाल आणि कुमार असे तीन सुंदर शब्द आहेत. असे असताना पुरस्काराच्या पाटीवर एकटा ‘बाल’ शब्द ठेवून शिक्षकाला संभ्रमात टाकण्याचे प्रयोजन काय? गौरविलेले पुस्तक कोणत्या वयासाठी आहे एवढे जरी सांगितले, तरी निम्मे ‘जड’ शेरे आपोआप गळून पडतील.

दुसराही एक धोका आहे. परीक्षक प्रौढ असतात आणि प्रौढांना गांभीर्याचा मोह असतो. दुःख आहे म्हणून पुस्तक श्रेष्ठ, असा समज एकदा रूढ झाला, की दुःख हे पारितोषिकाचे साधन होऊन बसते. पूर्वी तात्पर्य जसे होऊन बसले होते तसे. ना. धो. ताम्हणकरांचा गोट्या किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांनी मराठी मुलांना जे दिले ते कोणत्याही करुण कादंबरीहून कमी मोलाचे नाही. ‘बोक्या सातबंडे’ला मिळालेला पुरस्कार या दृष्टीने फार योग्य होता. हसविणे हेही वाङ्मयीन कार्य आहे, आणि ते सोपे तर मुळीच नाही.

मग अनुभवाने जड असलेली कादंबरी मुलांच्या योग्यतेची आहे की नाही, हे कशावरून ठरवावे? आम्ही तीन कसोट्या सुचवितो. पहिली : पुस्तकातील मुलाला काही करता येते काय? त्याने धरण थांबवावे असे नाही. पण पाणी येण्यापूर्वी एखादे रोप उपटून नव्या जागी नेण्याइतकी तरी कृती त्याच्या हाती हवी. ज्या कथेत मूल केवळ दुःखाचे पात्र असते, ती मुलाविषयीची असते, मुलासाठी नसते. दुसरी : पाहणे मुलाचे आहे काय? मुलाच्या तोंडून मोठ्यांचे भाषण ऐकू आले की वाचक मूल मनातून उठून जाते. मुलीच्या वहीचे रूप घेतलेल्या ‘पियूची वही’सारख्या पुस्तकाला या कसोटीचा काच सर्वाधिक, कारण तेथे प्रत्येक ओळ मुलीच्या हातची वाटावी लागते. तिसरी : सोबत आहे काय? शेवट गोड असलाच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. परंतु पुस्तकाच्या अंधारात कोठेतरी एखादा हात, एखादा आवाज, निदान सांगणाराचा विश्वासू सूर असावा. ‘श्यामची आई’मध्ये ते काम ऐकणारे मित्र करतात. अमेरिकेत १९७८ चे न्यूबेरी पदक मिळविणाऱ्या कॅथरीन पॅटरसन यांच्या ‘ब्रिज टू टेराबिथिया’मध्ये मैत्रिणीच्या मृत्यूनंतर मुलाचा शोक त्याला एकट्याला पेलावा लागत नाही. त्या पुस्तकावरही पुष्कळ शाळांतून आक्षेप आले. पण या तिसऱ्या कसोटीला ते उतरते.

५

सोबतीचा हा विचार पुस्तकाच्या आत संपत नाही. ‘श्यामची आई’तील पोहण्याचा प्रसंग शिक्षकांना आठवत असेल. श्याम विहिरीला भिऊन लपून बसतो आणि आई त्याला काठीने मारीत विहिरीवर धाडते. या प्रसंगावर बोलताना आपण नेहमी आईच्या कठोर प्रेमाविषयी बोलतो आणि एक साधी गोष्ट विसरतो : विहिरीवर पोहणारी माणसे होती. नुसते ढकलून देणे हे शिक्षण नव्हते. पाण्यात कोणीतरी होते, म्हणून ते शिक्षण झाले. काठीचे समर्थन आज कोणी करणार नाही, आम्हीही करीत नाही. पण कठीण पुस्तकाच्या बाबतीत आपले वर्तन कसे आहे? एक तर आपण मुलाला विहिरीपाशी जाऊच देत नाही. नाहीतर यादीत पुस्तकाचे नाव घालून त्याला ढकलतो आणि स्वतः काठावरून गुण देत बसतो. पाण्यात उतरत नाही.

पाण्यात उतरणे म्हणजे काय, हे सांगण्यास मोठ्या शास्त्राची गरज नाही. कादंबरीची पहिली दोन प्रकरणे शिक्षकाने स्वतः वाचून दाखवावी. सूर एकदा कानात बसला की पुढे मूल आपले आपण जाते. अडलेल्या शब्दाचा अर्थ लगेच न सांगता, तुमच्या घरी याला काय म्हणतात, असे विचारावे. वारली किंवा कोकणा शब्द फळ्यावर प्रमाण शब्दाशेजारी लिहावा. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नये. आणि ज्याला पुस्तक पुढे नको वाटेल त्याला ते खाली ठेवण्याची मुभा द्यावी. कारण वाचकाचा तो पहिला हक्क आहे. कठीण पुस्तक पुढे ढकलल्याने सोपे होत नाही. शाळेत एकही कादंबरी पुरी न वाचता जो विद्यार्थी डोकमर्डीच्या महाविद्यालयात पाऊल टाकील, त्याला तेथे नेमलेली कादंबरी दुप्पट जड वाटेल. आणि त्या वेळी आपण त्याच्या बुद्धीला दोष देऊ.

पुरस्कार देणाऱ्या संस्थांनाही काही करता येईल. अकादेमीच्या पुरस्काराबरोबर लेखकाला पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट मिळतो; ते योग्यच आहे. त्याच्या जोडीला, पुस्तक का निवडले आणि कोणत्या वयासाठी निवडले, याचे दोन पानांचे टिपण तीनही परीक्षकांच्या सहीने शाळांकडे गेले, तर शिक्षकाच्या हाती ‘जड’ या शेऱ्याहून काही अधिक राहील. कार्नेगी पदकाच्या अंतिम यादीतील पुस्तके इंग्लंडमधील शाळांतून मुलांचे वाचनगट परीक्षकांच्या बरोबरीने वाचतात आणि आपले मत देतात. निर्णय मुलांच्या हाती सोपवावा असे आम्ही म्हणत नाही. पण मुलांसाठीच्या पुस्तकाविषयी मुलांना काय वाटले हे ऐकूनही न घेता निर्णय करणे, हे आमच्या बुद्धीला पटत नाही. असा एखादा गट मुंबई-पुण्यात निघणे सोपे आहे. तो खानवेल-दुधनीच्या मराठी शाळेत, बेळगावात आणि गोव्याच्या एखाद्या गावातही निघावा. कारण भाषेची खरी परीक्षा तिच्या कडेला होते.

शेवटी प्रश्न एवढाच उरतो की, जड म्हणून दूर ठेवलेले पुस्तक नेमके कोणाला जड होते. पुष्कळदा ते आपल्यालाच जड झालेले असते : मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे जड, आपल्या पिढीने केलेल्या गोष्टींविषयी त्याच्याशी बोलणे जड. गाव का बुडाले, हे मूल पुस्तक वाचून आपल्याला विचारील. त्या प्रश्नापाशी उभे राहण्याची आपली तयारी असेल, तर पुरस्कृत कादंबरी खुशाल कठीण असू द्यावी. ती तयारी नसेल, तर पुस्तकावर शेरा मारण्यापूर्वी तो थोडासा आपल्याकडेही वळवून पाहावा.